वाढत्या अंगाचा मिक्सर

घरात स्टुडिओ काढायचा ठरला की माणूस सगळ्यात आधी गाणं बंद करतो. वेळच उरत नाही. सकाळी रियाजाच्या वेळेला मिक्सरांचे व्हिडिओ बघायचे असतात, दुपारी डबा खाता खाता किमती पडताळायच्या असतात, आणि रात्री सोसायटी झोपली की, म्हणजे ध्वनिमुद्रणाला लायक अशी जी दिवसातली एकुलती एक वेळ तेव्हा, कुणा अमेरिकन गृहस्थाने माइकचा आवाज वाढवणाऱ्या दोन प्रीअँपमधला दाखवलेला फरक हेडफोन लावून ऐकायचा असतो. तो फरक ऐकू येत नाही. पण 'येतोय' म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर दोष कानाकडे जातो, आणि गाणाऱ्या माणसाला तो कसा परवडणार?

आमचा भाचा डोंबिवलीला राहतो. गळा खरोखर बरा आहे. पेटीवर स्वतःच साथ करत अभंग आणि भावगीतं म्हणतो, ताईच्या भजनी मंडळात एकादशीला त्याला मागणी असते. त्याची गरज मोजायला बोटंही जास्त होतात: एक गळा, एक पेटी. कधी तबलजी आलाच तर आणखी दोन माइक. झाले चार. त्याने सोळा चॅनलांचा मिक्सर घेतला.

"एवढे कशाला रे?"

"मामा, पुढे लागतील."

आपल्याकडे पोरांना शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत आहे. पहिलं वर्ष बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी तो अंगाला बसतो, तिसऱ्या वर्षी धाकट्याला जातो. होम स्टुडिओवाले मिक्सर घेताना हाच हिशोब लावतात. पण पोर वाढतं. एका गळ्याचे दोन होत नाहीत. त्यामुळे ह्या मिक्सरच्या बारा बाह्या कायमच्या दुमडलेल्या राहतात.

(मिक्सर आणि चटणीचा विनोद ह्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एकदा होऊन गेलेला असतो. ताईच्या घरीही झाला. इथे तो पुन्हा करत नाही.)

सोळा हा आकडाही जरा नखाने खरवडून बघावा. पुष्कळ मिक्सरांवर मोठ्या अक्षरांत जो आकडा छापतात त्यात डाव्या-उजव्या जोडीचे प्रवेश दोन-दोन म्हणून धरलेले असतात. म्हणजे 'सोळा'मध्ये माइक लावायच्या जागा कधी दहा, कधी आठच. उरलेल्यांत कीबोर्ड लावा, मोबाइल लावा, नाहीतर काही लावू नका. बिल्डर लोक बाल्कनी आणि जिना धरून चौरस फूट सांगतात त्या जातीचा हा हिशोब आहे, आणि घेणाराही तो तितक्याच आनंदाने चारचौघांना सांगतो.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर झाली. सरकारदरबारी तो रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारही दोन सेकंद थांबतो. जाण्याआधी सल्लागार मंडळ बसलं होतंच. एक मंडपाचा साउंडवाला होता. त्याची परीक्षा एकच: यंत्र दोन्ही हातांनी उचलायचं आणि 'वजन आहे' म्हणायचं. दुसरा भाच्याच्या ऑफिसातला मित्र. त्याच्याकडे एक्सेलचा तक्ता होता आणि त्यात 'फेडरचा फील' (आवाजाच्या सरकत्या दांड्या बोटांना कशा लागतात तो) नावाचा रकाना होता. तिसऱ्याने सांगितलं की डिजिटल सगळं झूट आहे, ॲनलॉगमध्ये ऊब असते. हा मे महिना होता.

मिक्सर ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून डोंबिवली असा लोकलच्या लगेजच्या डब्यातून आला. एवढं मोठं खोकं, त्यावर एवढ्या बटणांचं चित्र. दोघातिघांनी भाच्याचा मोबाइल नंबर घेतला आणि हळदीला किती घेता म्हणून विचारलं. डोंबिवली पट्ट्यात हळदीचा डीजे हा लग्नापेक्षा महत्त्वाचा विषय आहे. मला आजही वाटतं की त्याने हो म्हणायला हवं होतं. त्या मिक्सरचे सोळाच्या सोळा चॅनल वापरले जाण्याची तेवढी एकच संधी आली होती.

घरी आल्यावर खरी गंमत कळली. मिक्सरच्या मागे यूएसबीचं भोक होतं, आणि भाच्याचा समज असा की ह्यातून सोळा आवाज सोळा वेगवेगळ्या ट्रॅकवर संगणकात जाणार. पुष्कळ स्वस्त आणि मध्यम किमतीच्या मिक्सरांत तसं होत नाही. वर कितीही माइक लावा, यूएसबीतून संगणकाकडे जातात फक्त दोन ट्रॅक: एक डावा, एक उजवा. सगळी मंडळी आधीच एकत्र कालवलेली. नंतर ऐकताना पेटी मोठी वाटली म्हणून खाली आणावी, तर तिचा हात धरून गळाही खाली येतो. वेगवेगळे ट्रॅक पाठवणारे मिक्सर असतात, पण ते बघून, विचारून घ्यावे लागतात. खोक्यावर ही गोष्ट बारीक अक्षरांत असते. 'यूएसबी' मात्र चांगलं ठळक.

म्हणून मग ऑडिओ इंटरफेस आला. पुस्तकाएवढा डबा, दोन माइकांची सोय, आणि दोन्ही आवाज संगणकात वेगळे. एका गळ्याच्या आणि एका पेटीच्या घराला खरं म्हणजे एवढंच पुरतं, आणि तो आधी घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण मिक्सर घेतलेला होता. घेतलेली वस्तू वापरात आली पाहिजे हा ताईच्या घरचा जुना शिरस्ता. त्यामुळे आता माइकची वायर मिक्सरमध्ये जाते, मिक्सरची वायर इंटरफेसमध्ये, इंटरफेसची लॅपटॉपमध्ये. मधे मिक्सर काय करतो? थोडा 'स्स्स' असा आवाज घालतो. त्या आवाजाला तिसरा सल्लागार ऊब म्हणतो.

मिक्सरमध्ये तयार इफेक्टही असतात. त्यांत नावं भारदस्त: हॉल, प्लेट, चेंबर, कॅथेड्रल. महाराष्ट्रात ह्या सगळ्यांना मिळून 'इको' म्हणतात. आपल्या समाजाचं इकोवर मनापासून प्रेम आहे. गणपतीच्या मंडपात हरवलेल्या मुलाची घोषणा इकोत होते. नगरसेवकाचं भाषण इकोत होतं, आणि 'हॅलो, चेक, वन टू' हे तर इकोशिवाय म्हटलेलं कुणी ऐकलेलंच नाही. भाच्याने पहिल्याच दिवशी इकोचा नॉब तीन वाजले की घड्याळाचा काटा जिथे असतो तिथे नेऊन ठेवला आणि एक अभंग म्हटला. विठ्ठल विटेवर नव्हे, लोणावळ्याच्या बोगद्यात उभा आहे असं वाटलं. ताईचे डोळे मात्र भरून आले. "आता कसं रेकॉर्डसारखं वाटतंय," ती म्हणाली.

ह्यातलं 'प्लेट' म्हणजे नुसतं नाव नव्हे. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १४० नावाचं यंत्र काढलं. एका लांबलचक चौकटीत पोलादाचा पातळ पत्रा ताणून टांगलेला, एका जागी त्याला आवाजाने थरथरवायचं आणि दुसऱ्या जागी ती थरथर उचलायची. त्यातून जो घुमारा मिळे त्यावर जगभरच्या स्टुडिओंनी पुढची कित्येक वर्षं गाणी काढली. लांबी आठेक फूट, वजन अडीचशे किलोंच्या वर. ताईच्या बिल्डिंगची लिफ्ट चार माणसांची आहे. आज त्याच पत्र्याची नक्कल लॅपटॉपमध्ये एका खुणेवर चालू होते, आणि माणसं तक्रार करतात की ती जरा उशिराने उघडते.

मिक्सर झाला की माणूस आऊटबोर्डकडे वळतो. मिक्सरच्या बाहेर, स्वतंत्र पेटीत राहणारी यंत्रं म्हणजे आऊटबोर्ड: प्रीअँप, इक्वलायझर, कंप्रेसर. ह्या मंडळींत कुळाला फार मान आहे. नीव्हचा १०७३ हा प्रीअँप १९७० चा, इंग्लंडचा. आज निम्मे प्रीअँप 'आम्ही त्याच घराण्यातले' असं सांगतात. न्यू जर्सीच्या पल्स टेक्निक्सचा पल्टेक हा इक्वलायझर १९५० च्या दशकातला. त्यात खालचे स्वर वाढवायला एक नॉब आणि कमी करायला दुसरा. दोन्ही एकाच वेळी फिरवू नका असं कंपनीने माहितीपत्रकात बजावलं होतं. लोकांनी अर्थातच दोन्ही फिरवले. दोन्हींचा जोर नेमका एकाच ठिकाणी पडत नसल्यामुळे आवाज खाली भरीव आणि त्याच्या जरा वर मोकळा झाला, आणि यंत्र अजरामर झालं. सूचना न वाचता यंत्र चालू करणाऱ्या तमाम भारतीयांनी पल्टेकची तसबीर लावायला हरकत नाही.

भाच्याचा जीव मात्र कंप्रेसरवर जडला. कंप्रेसरचं काम सोपं आहे. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो त्याला खाली दाबतो. वरचे डोंगर बसले की मग सगळंच उचलून मोठं करता येतं. टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए ह्या १९६० च्या दशकातल्या कंप्रेसरला मुख्य नॉब दोनच. आत एक प्रकाश देणारा तुकडा आणि समोर प्रकाश ओळखणारा तुकडा: गाणारा जोरात गेला की उजेड वाढतो आणि उजेड वाढला की आवाज दबतो. उजेडाचा परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून गळ्यावर तो गोड बसतो. मला हे यंत्र मनापासून आवडतं. दोन नॉबमध्ये चुकून चुकून किती चुकणार?

बिल पटनम ह्यांचा १९६७ चा ११७६ ह्याच्या उलट स्वभावाचा. तो सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात आवाजावर झडप घालू शकतो. त्यात वेग ठरवणारा नॉब उलटा आहे. उजवीकडे जास्तीत जास्त फिरवला की तो सगळ्यात वेगवान. जग 'उजवीकडे म्हणजे मोठा आकडा, मोठा आकडा म्हणजे जास्त वेळ' असं धरून चालतं, आणि इथे गाडी दुसऱ्याच फलाटावर लागते. शिवाय दाब किती ते ठरवायची चार बटणं आहेत. एका वेळी एक दाबायचं. लोकांनी चारही दाबली. ते यंत्र त्याबद्दलही प्रसिद्ध झालं.

सगळ्यांत वरचं कुळ फेअरचाइल्ड ६७० चं. १९५९ च्या सुमाराचा हा कंप्रेसर, आत वीस व्हॉल्व्ह, वजन तीस किलोंच्या आसपास. सुस्थितीतला मूळ नग आज ज्या किमतीला जातो त्या किमतीत डोंबिवलीत वन बीएचके निदान बघायला तरी जाता येतं. आणि वीस व्हॉल्व्ह म्हणजे खोलीत वीस निखारे. मग एसी लावा. एसीचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून एसी बंद करा. मग गाणारा घामाने भिजतो आणि व्हॉल्व्ह एकटेच सुखात राहतात.

हे सगळं आता लॅपटॉपमध्येही मिळतं, दिवाळी सेलला मिक्सरच्या वायरांच्या किमतीत. पडद्यावर यंत्राचं चित्र येतं, त्यात सुई हलते, आणि काही चित्रांत तर जुने झिजलेले स्क्रूसुद्धा प्रेमाने काढलेले असतात. चांगल्या नकला फार चांगल्या असतात, आणि नंतर मन बदललं तर दाब कमी करता येतो. बाहेरच्या कंप्रेसरमधून दाबून आत घेतलेला आवाज पुन्हा सुटत नाही. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण नॉबला हात लावता येतो ना." ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. देवळातही फोटो बघून चालत नाही, लोक गाभाऱ्याशीच गर्दी करतात.

एलए-२ए च्या धर्तीवरचा एक सेकंडहँड कंप्रेसर आला. तो अमेरिकेहून कुणीतरी आणलेला, म्हणजे ११५ व्होल्टचा. आपल्याकडे २३०. त्यामुळे एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो स्वतःच गुणगुणू लागला. कंप्रेसर लावल्यावर गळा जवळ आला, खरोखर कानाशी आला. कारण दाबून उचलताना जे जे बारीक आहे ते सगळंच वर येतं. श्वास वर आला, पेटीच्या भात्याची फुसफुस वर आली, पंख्याची टक्‌टक्‌ वर आली, आणि दोन मजले खालच्या कुकरची तिसरी शिट्टी इतक्या सुंदर पोताने आली की तिसरा सल्लागार भारावून गेला.

कंप्रेसर ठेवायला रॅक लागतं. रॅक एकोणीस इंच रुंद असतं, टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून ते माप चालत आलंय. उंची 'यू'मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. भाच्याने बारा यूचं घेतलं. का, ते विचारू नये. त्यात तीन यूचा कंप्रेसर बसला, उरलेली नऊ यू ओकीबोकी दिसायला लागली म्हणून तिथे बसवायला काळे कोरे पत्रे विकत आणले. कोऱ्या पत्र्यांतही चांगलं-वाईट असतं आणि त्यांचीही परीक्षणं असतात, हे मला तेव्हा कळलं. ताईने मिक्सरवर क्रोशाचं विणलेलं कव्हर घातलं. भाचा जरा लाजला. पण फेडरचा मोठा शत्रू धूळ, आणि आजवरच्या सगळ्या खरेदीत आवाज सुधारणारी ती पहिली वस्तू होती.

आता हम. हम हा होम स्टुडिओचा घरजावई. आपली वीज ५० हर्ट्‌झची, आणि ती गळते तेव्हा शंभर हर्ट्‌झची गुणगुण ठळक ऐकू येते. शंभर हर्ट्‌झ म्हणजे खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर. भाच्याची पट्टी काळी एक. संगीतातल्या जाणत्यांना एव्हाना धोका कळला असेल. तो भीमपलासात अभंग म्हणायचा आणि मागून वीज सबंध वेळ तीव्र मध्यम धरून बसलेली असायची, तोही जरा चढाच.

त्यावर बॅलन्स्ड वायरी घेतल्या. पॉवर कंडिशनर घेतला. लॅपटॉपचा चार्जर काढून बघितला, तेव्हा हम निम्मा गेला आणि बॅटरीही. इथे कुणीतरी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मोडून टाकायचा सल्ला देतोच. तो मुळीच ऐकू नये, त्याने हम कधी जातो आणि कधी माणूस. शेवटी वायरमन बोलावला. त्याने टेस्टर लावला, बोर्ड उघडला आणि म्हणाला, "साहेब, हे तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. मागे वायरच नाही." त्याने अर्थिंगची वायर ओढून दिली, वेगवेगळ्या बोर्डांवर पसरलेली यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, आणि हम गेला. ह्या साखळीतला सगळ्यात स्वस्त माणूस तो. जाताना त्याने मिक्सरकडे बघून विचारलं, "हळदीला वाजवता का?"

खोलीकडे लक्ष सगळ्यांत शेवटी गेलं. नेहमी तसंच जातं, कारण खोलीला नॉब नसतात. आधी अंड्यांचे ट्रे. शुद्ध शाकाहारी घरात ते कुठून जमवले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि तो ट्रे बिचारा अंडंही जेमतेम पेलतो. आतला घुमारा कमी करायला जाड मऊ काहीतरी हवं. ताईने माळ्यावरून गोधड्या काढून दिल्या. त्या भिंतींवर टांगल्या, लोखंडी कपाटावर टाकल्या, आणि खोली गप्प झाली. संवेदनशील कंडेन्सर माइक बाजूला ठेवून साधा डायनॅमिक माइक तोंडाशी घेतला तेव्हा खालचा कुकरही बराच लांब गेला. त्या दिवशी भाचा एकदम गंभीर झाला. आता आवाजात काही दोष राहिला तर तो गळ्याचाच म्हणावा लागणार होता.

उरला फ्रिज. हॉलमधला फ्रिज मध्येच घुर्रर करून सुरू होतो आणि नेमका अंतऱ्याला. तो बंद केला तर प्रश्न मिटतो, पण पहाटे तीनला रेकॉर्डिंग संपवून माणूस झोपतो तेव्हा तो पुन्हा चालू करायचं त्याच्या लक्षात राहत नाही. पहिल्या रात्री दोन लिटर दूध आणि ताईचं श्रीखंडाच्या चक्क्याचं भांडं गेलं. त्यावर घरात रेकॉर्डिंग करणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक जुना तोडगा आहे. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवायची. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रिज उघडावाच लागतो.

हल्ली ताई सकाळी सहाला दुधाची पिशवी ठेवायला फ्रिज उघडते आणि आतला दिवा लागतो का ते आधी बघते. दिवा लागला नाही, तर लोण्याच्या डब्याशेजारून स्कूटरची किल्ली काढते, बटण चालू करते, आणि आत जाऊन विचारते, "काल गायलास वाटतं?"